जुन्या मालट्रकांचे पासिंग आणि अडीचशे मीटरचा ट्रॅक

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील माल वाहतुकीत जुन्या ट्रकांची संख्या मोठी दिसते, त्यामागे मालकांच्या ऐपतीइतकाच नियमांचाही हात आहे. राज्याबाहेर माल नेण्यासाठी लागणाऱ्या राष्ट्रीय परवान्यासाठी साध्या ट्रकाला बारा वर्षांची आणि मल्टिअ‍ॅक्सल, म्हणजे दोनपेक्षा जास्त आसांच्या, ट्रकाला पंधरा वर्षांची वयोमर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घातलेली आहे. त्यामुळे लांब पल्ल्याच्या लाइनीवरून उतरलेली गाडी विकली जाते आणि खडी, वीट, साखरेची पोती, हळद किंवा ऊस वाहण्याच्या स्थानिक कामाला लागते. कराड, विटा, तासगाव, जत या भागांत अशी एकच गाडी असलेले आणि ती स्वतःच चालवणारे मालक पुष्कळ आहेत. जुन्या गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राबाबतचा प्रत्येक निर्णय सर्वांत आधी त्यांच्या दारात येतो.

व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक करणारी तरतूद १९३९ च्या कायद्यातही होती. सध्याचा आधार म्हणजे १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५६ वे कलम. नव्या गाडीला पहिल्या दोन वर्षांचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग, म्हणजे प्रमाणपत्रासाठीची तपासणी, अशी सरळ रचना जवळजवळ तीस वर्षे चालली. या रचनेत चार वर्षांचा ट्रक आणि चोवीस वर्षांचा ट्रक एकाच रांगेत उभे राहत. नोव्हेंबर २०१८ मध्ये आठ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांसाठी मिळू लागले आणि त्यापुढच्या गाड्यांची वार्षिक तपासणी कायम राहिली. पासिंगच्या वेळापत्रकात वयाची रेघ ओढली गेली ती इथे.

मात्र त्याआधी घडलेली ब्रेक तपासण्याच्या ट्रॅकची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे तपासणी किती वेळा करायची यापेक्षा ती खरोखर होते का, हा प्रश्न ऐरणीवर आला. पासिंगच्या दिवशी गाडी परिवहन कार्यालयाच्या आवारात उभी राही. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेली प्रिंट कागदपत्रांशी ताडून पाहिली जाई. मागचे लाल आणि पुढचे पांढरे रिफ्लेक्टर, बाजूची परावर्तक टेप, दिवे, वायपर, हॉर्न, मागच्या चाकांचे मडफ्लॅप यांवर नजर फिरे. ब्रेकची परीक्षा बहुतेक वेळा गाडी दोन-चार गाड्यांचे अंतर पुढे घेऊन थांबवण्यापुरतीच असे. नियम पाहिले तर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक दाबल्यापासून १३ मीटरच्या आत थांबले पाहिजे. गाड्यांनी गच्च भरलेल्या आवारात ट्रकाला तो वेग गाठणेच अशक्य होते, म्हणजे नियमातली चाचणी कागदावर होत होती आणि रस्त्यावर होत नव्हती.

पुण्यातील एका नागरिकाने याच मुद्द्यावर जनहित याचिका दाखल केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये किमान २५० मीटर लांबीच्या ट्रॅकवर ब्रेकची चाचणी घेतल्याशिवाय योग्यता प्रमाणपत्र देऊ नये, अशी भूमिका घेतली. ट्रॅक उभारण्यासाठी मुदती दिल्या गेल्या, त्या वाढवल्याही गेल्या. अखेर नोव्हेंबर २०१७ पासून ट्रॅक नसलेल्या कार्यालयांतील पासिंग थांबले आणि तेथील गाड्यांना ट्रॅक असलेल्या दुसऱ्या कार्यालयाची वाट धरावी लागली. त्यातून रांगा लांबल्या, भाडी बुडाली आणि डिझेलचा खर्च मालकाच्या माथी आला. गाडीत खोट नसताना प्रमाणपत्राची मुदत संपल्याने ती दारात उभी राहिल्याची उदाहरणेही त्या हिवाळ्यात झाली. ऊस गळिताचे दिवस असल्याने आपल्या भागात हा ताण अधिक जाणवला.

न्यायालयाने धरलेला आग्रह योग्य होता, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ब्रेक न तपासता दिलेल्या प्रमाणपत्राला प्रमाणपत्र म्हणता येत नाही. पण जमीन मिळवून ट्रॅक बांधण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांच्या विलंबाची किंमत गाडीवाल्याने मोजली, हेही तितकेच खरे आहे. शिवाय त्या वादात एक तांत्रिक बाजू फारशी पुढे आली नाही. पासिंगला गाडी सहसा रिकामी येते आणि ट्रॅक सपाट असतो. कराडहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरताना भरलेल्या जुन्या ट्रकाचे ब्रेक वारंवार दाबले जाऊन ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासून चाक थांबवणाऱ्या लायनरची पकड सुटते आणि सपाटीवर १३ मीटरमध्ये थांबणारी तीच गाडी उतारावर ऐकेनाशी होते. सपाट ट्रॅकवर ढिले ब्रेक लक्षात येतात, तापल्यावर कुचकामी होणारे ब्रेक मात्र लक्षात येत नाहीत.

सवलतींबाबत गैरसमज बरेच आहेत. एकूण भारित वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला परवान्यातून सूट आहे, पासिंगमधून नाही, आणि छोटा टेम्पो घेणारे अनेक जण याच ठिकाणी फसतात. पन्नास वर्षांपुढील व्हिंटेज वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले, पण ते हौसेने जपलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी असून धंद्यावरच्या ट्रकाला त्यांचा उपयोग नाही. ट्रॅक्टरचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. शेतीचा ट्रॅक्टर परिवहनेतर, म्हणजे व्यावसायिक वाहतुकीच्या नसलेल्या, वर्गात मोडतो, म्हणून त्याला दरवर्षीचे पासिंग लागत नाही. पण तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून भाड्याने कारखान्याला ऊस ओढू लागला की शेतीचे काम कुठे संपते आणि माल वाहतूक कुठे सुरू होते, यावर हंगामागून हंगाम वाद होतो. ट्रकाच्या मागच्या दिव्यावरून दंड करायचा आणि रात्री दिवा-रिफ्लेक्टरविना चाललेली ट्रॉली सोडून द्यायची, ही तफावत ट्रकमालकांना खटकते आणि त्यांचे खटकणे रास्त आहे. सार्वत्रिक म्हणावी अशी सवलत एकदाच मिळाली. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेली कागदपत्रे करोनाच्या काळात वेळोवेळी ग्राह्य धरली गेली आणि ही सूट ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालली.

त्याच महिन्यात पुढच्या टप्प्याची अधिसूचना निघाली. पंधरा वर्षांपुढील अवजड वाहनाच्या प्रमाणपत्र नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये ठरवण्यात आले. यंत्रचलित केंद्रातूनच तपासणी करण्याची सक्ती अवजड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून होणार होती, पण केंद्रेच पुरेशी नसल्याने ती तारीख पुढे गेली. या केंद्रांत गाडीची चाके रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या पकडीतला फरक आकड्यांत दिसतो. ट्रॅकवर हे कधीच शक्य नव्हते, आणि म्हणून ही पद्धत लवकर यावी असे जाणकार चालकही म्हणतात.

शुल्काचे तसे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दहा, पंधरा आणि वीस वर्षे असे वयाचे टप्पे पाडून वीस वर्षांपुढील अवजड ट्रकासाठी २५,००० रुपये आकारणी जाहीर झाली. गाडी तपासणीत किती चांगली उतरली याचा या रकमेशी संबंध नाही. नवे लायनर, ड्रम आणि टायर घालून गाडी जपणारा मालक आणि रंग मारून ती आणणारा मालक सारखेच पैसे भरतो. गाडी मोडीत काढल्यास मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. मात्र ती नवी गाडी घेणाऱ्यासाठी आहे, आणि बारा वर्षांचा ट्रक काढून आठ वर्षांचा घेणारा जत किंवा विट्याचा मालक तिच्या बाहेरच राहतो.