तिघांपैकी कोण किती चुकतं?

समुद्रावर मावळता सूर्य पाण्याला टेकलेला दिसतो, तेव्हा खरं तर तो क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना त्याचे किरण अर्धा अंश वाकतात, म्हणून तो आपल्याला आणखी दोनेक मिनिटं दिसत राहतो.

जीपीएसचे उपग्रहही असेच मावळतात. ते असतात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, आणि त्यांचा अस्त टिपणारा रिसीव्हर असतो काहीशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या दुसऱ्या उपग्रहावर. पृथ्वीच्या कडेआड जाता जाता जीपीएसची रेडिओ लहर हवेच्या एकेका थराला चाटून येते. सूर्याचा किरण हवेत फक्त शिरतो. ही लहर शिरते आणि बाहेरही पडते. त्यामुळे जमिनीलगत ती साधारण एक अंश वाकते. असं कडेआड जाताना लहर मोजणं म्हणजे रेडिओ पिधान. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाआड गेलं, तेव्हा याच युक्तीने तिथली हवा किती विरळ आहे ते कळलं. पृथ्वीवर जीपीएसच्या लहरींनी हा प्रयोग झाला १९९५ मध्ये, मायक्रोलॅब-१ या छोट्या उपग्रहावरून.

या पद्धतीचं मला सर्वांत मोठं वाटणारं बळ म्हणजे इथे मोजायचा असतो तो फक्त वेळ. तोही अणुघड्याळांच्या आधारे. लहर किती रेंगाळली यावरून ती किती वाकली हे कळतं, त्यावरून हवेची घनता, आणि मग दाब व तापमान. एक पिधान मिनिट-दोन मिनिटांत आटोपतं आणि हवेचा उभा छेद हाती येतो, मग खाली ढग असोत की भर समुद्र.

पण हे तापमान बरोबर आहे हे कोण सांगणार? हवामानाचा फुगा सोडून पडताळावं, तर फुगा वाऱ्याबरोबर भरकटतो, आणि त्याच्या उपकरणालाही ऊन लागतं. १५ किलोमीटरवरचं खरं तापमान कुणाच्याच वहीत लिहिलेलं नाही.

एक संधी २००६ मध्ये आली. तैवान आणि अमेरिकेने कॉस्मिक मोहिमेचे सहा उपग्रह एकाच रॉकेटने सोडले. सुरुवातीला ते एकमेकांच्या मागोमाग फिरत होते, म्हणजे त्यांच्यातले लागोपाठचे दोघे जवळजवळ तीच हवा मोजत होते. १० ते २० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात त्यांच्या वक्रीभवनाच्या आकड्यांत ०.२ टक्क्यांहून कमी फरक निघाला. फारच सुंदर निकाल! तरी दोन साक्षीदारांचं जुळलं म्हणून साक्ष खरी ठरत नाही. दोघे एकाच तऱ्हेने चुकत असतील तर?

म्हणून तिसरा साक्षीदार आणतात. ही युक्ती घड्याळवाल्या शास्त्रज्ञांची. समजा पिधान, फुगा आणि हवामानाचं संगणकीय प्रारूप यांची दोन-दोन करून तुलना केली आणि फरकांच्या वर्गांची सरासरी आली अशी: पिधान-फुगा ५, पिधान-प्रारूप १०, फुगा-प्रारूप १३. पहिल्या दोघांची बेरीज १५, त्यातून १३ वजा, उरलेल्या २ चे निम्मे १. ही पिधानाची चूक, वर्गात. याच रीतीने फुग्याची ४ आणि प्रारूपाची ९. खरं तापमान कुणालाही माहीत नसताना प्रत्येकाच्या पदरात त्याची चूक पडली.

अट एकच, तिघांच्या चुका परस्परांशी निगडित नकोत. आणि इथेच जपावं लागतं, कारण प्रारूपात पिधानाची माहिती आधीच मिसळलेली असते. शिवाय या हिशेबात फक्त कमी-जास्त होणाऱ्या चुका सापडतात. कायम एकाच बाजूला झुकणारी चूक त्यातून निसटते.

साधारण ८ ते ३० किलोमीटरपर्यंत पिधान भरवशाचं आहे. इतकं, की हवामान केंद्रं इतर उपग्रहांच्या आकड्यांना आधी दुरुस्ती करून घेतात, पण पिधानाचे आकडे तसेच वापरतात. त्याच्या वर हवाच इतकी विरळ, की आयनांबराचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित थराचा, उरलासुरला परिणामही तिच्यावर मात करतो.

खरी अडचण खालच्या दोन-तीन किलोमीटरांत आहे. तिथे बाष्प असतं. लहर थंडाव्याने वाकली की दमटपणाने, हे तिच्यावरून सांगता येत नाही. त्यात समुद्रावरच्या दमट हवेवर गरम, कोरडी हवा येऊन बसली तर लहर त्या थरात अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर धावू लागते. मग पिधान तिथली घनता सतत कमीच दाखवतं. अरबी समुद्रावर असे थर नेहमीचे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका रडारवर दोन हजार किलोमीटरहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटल्याची नोंद आहे, ते याच थरांमुळे.