काळ्या गाडीवरचे पांढरे डाग

गाडी धुऊन झाल्यावर ती उन्हात उभी करून आपोआप वाळू देण्याची पद्धत पांढऱ्या गाडीच्या मालकाला फारशी नडत नाही. काळ्या गाडीच्या मालकाला मात्र तिचा परिणाम अर्ध्या तासाच्या आत दिसू लागतो. टपावर, बॉनेटवर आणि डिकीच्या झाकणावर करड्या-पांढऱ्या वर्तुळांची नक्षी उमटते. त्यावरून ओले फडके फिरवले की ती नाहीशी होते आणि ओलावा उडून गेला की पुन्हा जशीच्या तशी दिसू लागते. हे डाग म्हणजे पाण्यात विरघळून आलेले आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार असतात. म्हणून काळी गाडी कोरडी करताना एकच गोष्ट सांभाळायची असते: गाडीवरचे पाणी वाफ होऊन जाण्याआधी, द्रवरूपातच, आपल्यातील क्षारांसह तिथून हलले पाहिजे.

इंदूरमध्ये हा प्रश्न अधिक जाणवतो आणि त्याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. माळव्याचे पठार दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे, बनलेले आहे. बेसाल्टमधील खनिजे झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि थोडी सिलिका भूजलात मिसळते. बोरिंगचे पाणी या खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षे मुरत आलेले असल्यामुळे ते सहसा दुष्फेन असते. त्यात साबणाचा फेस नीट होत नाही आणि उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर त्याचे पांढरे कवच चढते. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ पंपांनी चढून शहरात येते आणि नदीचे असल्याने त्यात साधारणपणे बोरिंगच्या पाण्यापेक्षा क्षार कमी असतात. परंतु अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येत असल्यामुळे ते पिण्या-स्वयंपाकासाठी राखले जाते आणि गाडीच्या वाट्याला बोरिंगच येते. त्यात वावगे काहीच नाही. फक्त शेवटच्या दोन बादल्या कोणत्या पाण्याच्या असाव्यात, याचा विचार करायला हवा.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या एकूण घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅम अशी दिली आहे. हिशेबासाठी ६०० मिलिग्रॅमचे पाणी घेऊ. अशा पाण्याचा ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब बॉनेटवर वाळला, तर मागे ०.०३ मिलिग्रॅम क्षार राहतात. साध्या तराजूला हे वजन जाणवणारही नाही. पण तोच क्षार सहा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात पसरला, तर त्याच्या थराची सरासरी जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याच्या, आसपास येते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते आणि एवढ्याच आकाराचे कण प्रकाश फार प्रभावीपणे विखुरतात. म्हणजे वजनाने नगण्य असलेला हा थर डोळ्यांना दिसण्यासाठी मात्र अगदी सोयीच्या मापाचा असतो.

हे क्षार थेंबाच्या जागी सारखे न पसरता कडेला कड्यासारखे का जमतात, याचे उत्तर शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन, सिडनी नेगेल, टॉमस विटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली सांडलेल्या कॉफीच्या डागांचा अभ्यास करून दिले. थेंबाची कड पृष्ठभागावरील बारीक खडबडीतपणाला चिकटून राहते, त्यामुळे वाळताना थेंब आत सरकू शकत नाही आणि फक्त चपटा होत जातो. कडेला पाण्याचा थर पातळ असतो व तेथून बाष्पीभवनही वेगाने होते. ही तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी सतत बाहेरच्या बाजूला वाहते आणि आपल्याबरोबर कण कडेला नेऊन टाकते. गाडीवरच्या थेंबात सुरुवातीला क्षार विरघळलेले असतात. पण पाणी आटत जाते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट होते आणि त्याचे पहिले स्फटिक बहुधा कडेलाच धरतात.

काळ्या रंगाचा यात दोष किती, हेही आकड्यांतच पाहावे. आधुनिक गाडीवर रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचे माप, सुमारे १.५ असल्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरूनच आरशासारखा परावर्तित होतो, मग खालचा रंग कोणताही असो. फरक उरलेल्या प्रकाशात पडतो. पांढरा रंग त्यातला बराचसा सर्व दिशांना परत पाठवतो, तर काळा रंग जवळजवळ सगळा गिळून टाकतो. आता शंभरातील एक भाग प्रकाश विखुरणारा क्षाराचा पातळ थर दोन्ही गाड्यांवर आहे असे समजा. पांढऱ्या गाडीवर डोळ्यांना ८० च्या जागी फार तर ८१ भाग प्रकाश मिळेल. काळ्या गाडीवर मात्र एकाचे दोन होतील. आपले डोळे प्रकाशातील निव्वळ वाढीपेक्षा तिचे मूळ प्रकाशाशी असलेले प्रमाण टिपतात, हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाचे सार आहे. त्यामुळे काळी गाडी अधिक मळते असे जे म्हटले जाते, ते वस्तुतः खरे नाही. ती मळ लपवत नाही, इतकेच.

ओले फडके फिरवल्यावर डाग का नाहीसा होतो, हेही यातून उलगडते. क्षारांच्या कणांमध्ये हवा असते आणि कण व हवा यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असल्याने प्रकाश विखुरतो. पोकळ्यांत पाणी शिरले की तो फरक कमी होतो आणि थर जवळजवळ पारदर्शक बनतो. म्हणून गाडी ओली असताना तिच्या स्वच्छतेचा निवाडा करण्यात अर्थ नसतो.

यापुढचा मुद्दा उन्हाचा, आणि माझ्या मते बाजारातील कोणत्याही महागड्या द्रावणापेक्षा तो महत्त्वाचा आहे. काळा पत्रा ऊन शोषून घेतो आणि एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी हात ठेववणार नाही इतका तापतो. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडून जाण्याच्या त्याच्या ओढीचे माप, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३.२ किलोपास्कल, तर ६० अंशांना सुमारे २० किलोपास्कल असतो, म्हणजे सहापटीहून अधिक. माळव्याच्या उन्हाळ्यातील कोरडी हवा त्यात भर घालते आणि टप पुसून बॉनेटकडे वळेपर्यंत बॉनेटवरचे थेंब आटलेले असतात. शिवाय कॅल्शियम कार्बोनेट हे बहुतेक क्षारांच्या उलट वागते. पाणी जितके गरम, तितके ते कमी विरघळते, त्यामुळे तापलेल्या पत्र्यावर क्षार लवकर बसतो. म्हणून गाडी सकाळी, सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागत असताना धुवावी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने तापलेले बॉनेट निवण्याची वाट पाहावी. थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतात, ही समजूत मात्र सोडून द्यायला हरकत नाही. सपाट पृष्ठभागावर बसलेल्या थेंबातून जाणारे किरण पृष्ठभागाच्या बऱ्याच खाली एकवटतात. हंगेरीतील संशोधकांनी झाडांच्या पानांवरील थेंबांचा अभ्यास करून २०१० साली गुळगुळीत पानांबाबत हाच निष्कर्ष काढला होता.

पाणी द्रवरूपात काढून टाकण्याची पहिली संधी पुसण्याच्याही आधी मिळते. शेवटचे पाणी जोरदार फवाऱ्याने मारले, तर ते हजारो सुट्या थेंबांत फुटून जागोजागी चिकटून बसते. त्याऐवजी नळीचे तोंड उघडे ठेवून टपावर अगदी जवळून, संथपणे पाणी सोडले, तर त्याची अखंड चादर खाली सरकते आणि पाण्याच्या रेणूंमधील परस्पर आकर्षणामुळे वाटेतले थेंब स्वतःत ओढून घेऊन निघून जाते. मेण किंवा सिरॅमिक लेप लावलेल्या गाडीवर पाणी गोल मण्यांच्या रूपात उभे राहते; उतारावरून ते मणी घरंगळतात, पण टप आणि बॉनेट यांसारख्या आडव्या भागांवर ते जागीच थांबतात आणि तिथे वाळले, तर लहान पण दाट डाग सोडतात. लेप लावला म्हणजे पुसण्याची गरज संपली, असे विक्रेते सूचित करतात. आडव्या भागांपुरते तरी ते खरे नाही.

दुसरी संधी त्या शेवटच्या पाण्याच्या निवडीत आहे. घरोघरी आरओ यंत्रे आली, तेव्हापासून त्यातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी साठवून गाडी धुण्याची चांगली सवय अनेक कुटुंबांनी लावून घेतली आहे. पण या पाण्यातील क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. यंत्राने ६०० मिलिग्रॅमच्या तीन लिटर पाण्यातून ४० मिलिग्रॅमचे एक लिटर पाणी दिले, तर उरलेल्या दोन लिटरांत लिटरला सुमारे ८८० मिलिग्रॅम क्षार असणार, हा साधा हिशेब आहे. धूळ-चिखल काढण्यासाठी ते पाणी खुशाल वापरावे, पण अखेरच्या धुण्यासाठी ते टाळावे. त्यासाठी आरओचेच चार-पाच लिटर शुद्ध पाणी झारीने टपावरून खाली सोडले, तरी बोरिंगच्या पाण्याचा मोठा भाग त्याबरोबर निघून जातो. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पापासून तयार झालेले असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. कपड्यातून गाळून धूळ काढली, की ते या कामाला उत्तम असते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते थोडेच मिळते, पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र बादली भरते. मृदुकारक यंत्राबाबत एक गैरसमज असतो. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालते, त्यामुळे एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात आणि डागही पडतात; ते डाग नुसत्या पाण्याने सहज विरघळतात, हा त्याचा खरा फायदा.

आता कापड. जुना पंचा किंवा बनियन गाडी पुसायला वापरण्याची आपली पद्धत काटकसरीची असली, तरी काळ्या गाडीसाठी ती योग्य नाही. सुती धागा पाणी आत शोषून फुगतो, पण त्याचा वेग कमी असतो आणि चिंब झाल्यावर तो पाणी उचलण्याऐवजी पसरवू लागतो. मायक्रोफायबरचे तंतू पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचे असून एका डेनियरपेक्षा बारीक असतात. नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचे वजन एक ग्रॅम भरले, तर तो एक डेनियरचा. हे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने चिरलेले असल्याने त्यांच्यात असंख्य अरुंद फटी तयार होतात, आणि फट जितकी अरुंद तितके केशाकर्षण अधिक, म्हणून पाणी झपाट्याने आत खेचले जाते. हे टॉवेल कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात धुतले, तर तंतूंवर मेणचट थर बसून ही शक्ती निघून जाते. टॉवेल बॉनेटवर पसरून नुसता अलगद ओढावा. दाबून, गोल गोल घासल्यास उरलेल्या धुळीतील कण क्लिअर कोटवर ओरखडे उमटवतात. बांधकामाच्या वाळूतील क्वार्ट्झची कठिणता मोह मापनश्रेणीवर ७ असते, तिच्यासमोर रंगाच्या थराचा निभाव लागत नाही. उन्हात काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वलये दिसतात, ती याच ओरखड्यांची. ओरखडे खरे तर सर्व दिशांना असतात, पण प्रकाशाला विशिष्ट कोनात असलेलेच चमकतात आणि म्हणून वर्तुळाचा भास होतो.

फराट्यांचे कारण निराळे असते. पूर्ण भिजलेला टॉवेल पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ पडदा सोडत जातो. तो रेषांच्या रूपात तुटतो आणि त्यात शाम्पूचा अंश उरलेला असेल, तर त्या रेषा वाळल्यावरही दिसतात. अंगाच्या साबणाने गाडी धुतली, तर दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमशी त्याची क्रिया होऊन चिकट साका तयार होतो, तो आणखी त्रासदायक. यावर दोन टॉवेल हा सोपा उपाय आहे: पहिला जाड, पाणी उचलण्यासाठी, दुसरा कोरडा आणि आखूड लवेचा, लगेच त्यामागून हलका फिरवण्यासाठी. आधी टप, मग काचा, बॉनेट आणि डिकी, शेवटी दारे, कारण उभ्या भागांवरून पाणी स्वतःच निथळत असते. बाजूचे आरसे, दारांच्या मुठी आणि नंबर प्लेटमागची जागा यांत दडलेले पाणी दहा मिनिटांनी ओघळते. ते हवेच्या झोताने काढावे किंवा निदान त्या वेळी हाताशी फडके असावे.

जुने डाग काढताना आधी ते कोणत्या जातीचे आहेत हे ओळखावे लागते. ताजा कार्बोनेटचा डाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, थंड पृष्ठभागावर दोन-तीन मिनिटे ओले कापड ठेवल्यास विरघळतो. नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. सिलिकेचा थर या सौम्य आम्लाला दाद देत नाही, आणि बेसाल्टातून आलेल्या पाण्यात सिलिका असतेच, म्हणून काही डाग व्हिनेगरनंतरही फिकट कड्याच्या रूपात उरतात. ते पॉलिशने घासून काढावे लागतात आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचाच वरचा थर झिजवणे. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये त्यातच असतात. त्यामुळे पॉलिश करण्यापूर्वी जाडीमापकाने थराची तपासणी करून घ्यावी. पूर्वी अनेकदा पॉलिश झालेल्या जुन्या काळ्या गाडीवर ती टाळता येणार नाही.