भिवंडीच्या मोहल्ला समित्या : पार्श्वभूमी

बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. त्या दिवसांत ठाण्यापलीकडची भिवंडी मात्र शांत राहिली. ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, याचे वाईट वाटते. कारण तोवर दंगल म्हटली की भिवंडीचेच नाव आधी तोंडावर यायचे.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशी जळगावही जळाले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. या वेळी आग मुंबईपर्यंत गेली.

खरे तर भिवंडीचा सारा संसार यंत्रमागावर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी, तेलंगणातले पद्मशाली, इथले कोकणी मुसलमान, आगरी, सुताचे आणि कापडाचे गुजराती-मारवाडी व्यापारी; एकाचे काम थांबले की दुसऱ्याचा माग बंद पडतो. तरीही दंगली झाल्याच. रोजचा व्यवहार माणसांना एकत्र आणतो, पण अफवा उठली की दुसऱ्या मोहल्ल्यात विश्वासाने विचारावे असे माणूस लागते. ते नव्हते.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी नेमके इथेच हात घातला. सणाच्या तोंडावर पुढाऱ्यांना पोलीस ठाण्यात बोलावून चहा पाजणारी शांतता समिती सगळीकडेच असते. खोपड्यांनी वस्तीवस्तीत साध्या माणसांच्या सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही, आणि जबाबदारी त्या भागातल्या साध्या पोलिसावर. बैठकांत धर्मावर भाषणे नसत. शेजाऱ्यांची भांडणे, गल्लीतल्या रोजच्या अडचणी निघत. त्यातून माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली, पोलिसाची भीतीही कमी झाली. डिसेंबर १९९२ मध्ये याच ओळखी कामी आल्या. पुढे मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

जुलै २००६ मध्ये मात्र भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद चिघळला. पोलीस गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. या वेळी भांडण हिंदू-मुसलमानांचे नव्हते; मोहल्ला आणि पोलीस यांच्यातलेच होते.