गृहबांधकाम परवाने : कॉलिन काउंटी, टेक्सास

अमेरिकेत नवे घर उभारण्याआधी शहराच्या किंवा काउंटीच्या बांधकाम खात्याकडून घ्यावी लागणारी लेखी परवानगी म्हणजे गृहबांधकाम परवाना. कोणत्या गावात दरमहा किती परवाने निघाले याच्या आकड्यांवर बँका, बिल्डर, शाळामंडळे आणि पाणीपुरवठा संस्था बारीक नजर ठेवून असतात. या नोंदीत टेक्सास राज्यातील डॅलस शहराच्या उत्तरेला असलेल्या कॉलिन काउंटीचे उदाहरण घेतले आहे. एकाच काउंटीतल्या शेजारशेजारच्या गावांत परवान्यांची चाल किती वेगवेगळी असू शकते, हे इथे लख्ख दिसते.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण अधिकार बरेच कमी. कॉलिन काउंटीची स्थापना १८४६ची असून तिचे मुख्य ठिकाण मॅकिनी आहे. १९९० साली लोकसंख्या सुमारे २ लाख ६४ हजार होती. २०२०च्या जनगणनेत ती १० लाख ६४ हजारांवर गेली. तीस वर्षांत चौपट. एवढी माणसे कुठे राहिली याचे उत्तर परवान्यांच्या नोंदवहीत सापडते, मात्र ती गावागणिक उलगडून पाहावी लागते. अख्ख्या काउंटीची बेरीज एखाद्या वर्षी स्थिर दिसते, तेव्हा आत एक गाव थंडावलेले आणि दुसरे उधळलेले असू शकते.

आकडे येतात कुठून

देशभरातल्या परवान्यांची मोजदाद अमेरिकेचे जनगणना कार्यालय करते. परवाने देणारी सुमारे वीस हजार ठिकाणे त्याच्या यादीत आहेत. गावाचे बांधकाम खाते सी-४०४ नावाच्या फॉर्मवर महिन्याची माहिती कळवते : एका कुटुंबाची स्वतंत्र घरे किती, दोन घरांच्या इमारती किती, तीन-चार घरांच्या किती आणि पाच किंवा अधिक घरांच्या किती. जुन्या घराची दुरुस्ती किंवा वाढीव खोली यात धरत नाहीत. हॉटेल, वसतिगृह आणि कारखान्यात तयार करून ट्रकवरून आणलेले घर हेही बाहेर.

आपल्याकडे सातमजली इमारतीला एक सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मिळते आणि तिच्या पोटात अठ्ठावीस सदनिका असतात. टेक्सासच्या उपनगरात प्रत्येक स्वतंत्र घराचा परवाना वेगळा निघतो. मोठे बिल्डर एका लेआउटमधल्या दहा-वीस घरांचे परवाने एकदम काढतात, त्यामुळे छोट्या गावाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. अपार्टमेंटमुळे तर आणखी गडबड होते. तीनशे घरांचा एक प्रकल्प मंजूर झाला की त्या महिन्याचा आकडा आकाशाला भिडतो आणि पुढच्या महिन्यात खाली कोसळतो. अशा एका महिन्यावरून ‘अमुक गावात तेजी’ असा मथळा देणारे पत्रकार तिथेही आहेत. स्वतंत्र घरे वेगळी काढून निदान बारा महिन्यांची बेरीज पाहिली, तरच काही बोलता येते.

देशपातळीवर हा आकडा अर्थव्यवस्थेची आगाऊ चाहूल म्हणून वाचला जातो, कारण परवाना आधी निघतो. काँक्रीट, लाकूड, मजुरी, फर्निचर यांवरचा खर्च नंतर होतो. २००५ साली अमेरिकेत साडेएकवीस लाखांहून जास्त घरांना परवाने मिळाले होते. गृहकर्जांचा फुगा फुटला आणि २००९ साली तो आकडा पाच लाख ८३ हजारांच्या आसपास आला. २०२१ साली तो पुन्हा सतरा लाखांच्या वर गेला. मग तीस वर्षांच्या गृहकर्जाचा व्याजदर तीन टक्क्यांच्या आसपासून २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत सात टक्क्यांवर चढला आणि स्वतंत्र घरांचे परवाने घसरले. ही भरती-ओहोटी कॉलिन काउंटीतही आली. पण ती सगळ्या गावांना सारखी लागली नाही, आणि या नोंदीचा खरा विषय तोच आहे.

उत्तरेकडे सरकणारी लाट

प्लेनोपासून सुरुवात करू. १९६० साली हे पावणेचार हजार वस्तीचे, कापूस-गव्हाच्या शेतांमधले खेडे होते. डॅलसहून उत्तरेला जाणारा ७५ क्रमांकाचा महामार्ग, मागोमाग मोठ्या कंपन्यांची कार्यालये, आणि १९८० साली लोकसंख्या ७२ हजार. २००० साली ती २ लाख २२ हजार झाली, २०२० साली २ लाख ८५ हजार. शेवटच्या वीस वर्षांतली वाढ आधीच्या वीस वर्षांच्या निम्मीही नाही. मागणी आटली म्हणून हे झाले असे समजणे चूक ठरेल. २०१७ साली टोयोटाने अमेरिकेतले मुख्यालय प्लेनोतच आणले. पण गावाच्या चारी बाजूंना दुसऱ्या गावांच्या हद्दी आहेत आणि आतली कोरी जमीन संपली आहे.

जमीन संपली की परवान्यांचा स्वभाव बदलतो. नवी घरे बंद पडलेल्या मॉलच्या जागी किंवा कार्यालयांच्या पार्किंगवर होतात, बहुधा टाउनहाउस (भिंतीला भिंत लागून बांधलेली घरे) किंवा अपार्टमेंट म्हणून. मग राजकारण तापते. अपार्टमेंटला वाव देणारा ‘प्लेनो टुमारो’ हा विकास आराखडा २०१५ साली मंजूर झाला. त्यावर सार्वमत घ्या म्हणून नागरिकांनी सह्या गोळा केल्या, प्रकरण कोर्टात गेले आणि २०२० साली नगर परिषदेने तो आराखडाच मागे घेतला. प्लेनोच्या परवान्यांची रेघ सपाट का, याचे अर्धे उत्तर नकाशात आहे आणि अर्धे या भांडणात.

मग लाट फ्रिस्कोकडे सरकली. १९९० साली इथे सहा हजारांच्या आसपास माणसे होती. २०१० साली १ लाख १७ हजार, २०२० साली दोन लाख. २०१६-१७ या वर्षात पन्नास हजारांवरच्या अमेरिकन शहरांत फ्रिस्को टक्केवारीने सर्वांत वेगाने वाढले. भारतीय कुटुंबे इथे मोठ्या संख्येने आली, त्यांत पुण्या-मुंबईहून आयटीच्या नोकरीनिमित्त गेलेली मराठी घरेही पुष्कळ. त्याचा ठसा विक्रीवरही उमटला : पूर्वमुखी प्लॉट आधी उठतो, हे इथल्या सेल्स ऑफिसातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. फ्रिस्कोचा आकडा वाचताना एक पथ्य पाळावे लागते. गावाचा पश्चिमेकडचा भाग शेजारच्या डेंटन काउंटीत आहे, त्यामुळे गावाचा आकडा जसाच्या तसा कॉलिनमध्ये मिळवला की बेरीज फुगते. प्रॉस्पर आणि सेलिना यांचेही थोडे तसेच.

फ्रिस्को भरत आले तशी लाट आणखी वर गेली : प्रॉस्पर, सेलिना, ७५ क्रमांकाच्या महामार्गालगतची मेलिसा आणि ॲना, आणि ३८० क्रमांकाच्या रस्त्यावर मॅकिनीच्या पूर्वेचे प्रिन्सटन. २०१० साली जेमतेम सहा हजारांचे सेलिना २०२३मध्ये ४३ हजारांवर पोचले आणि त्या वर्षी देशातले सर्वांत वेगाने वाढणारे शहर ठरले. पुढच्या वर्षी तो मान प्रिन्सटनकडे गेला : एका वर्षात ३०.६ टक्के वाढ, लोकसंख्या ३७ हजार. चार वर्षांपूर्वी तिथे १७ हजार होती.

हा सगळा प्रवास पाहिला की एक गोष्ट पटते. परवान्यांचा आकडा गावाची लोकप्रियता मोजतो असे समजणे बरोबर नाही. तो गावाच्या हद्दीत उरलेली मोकळी जमीन आणि तिथवर पोचलेली पाण्याची व सांडपाण्याची पाइपलाइन मोजतो. प्लेनोतल्या घरांना मागणी नाही असे नाही. तिथे नवे बांधायला जागा नाही, एवढेच.

परवान्याच्या आधी आणि नंतर

शेतजमिनीचे घर होईपर्यंत परवाना हा शेवटून दुसरा-तिसरा टप्पा असतो. आधी रेखांकन मंजूर होते, ज्याला तिथे ‘प्लॅट’ म्हणतात; आपल्याकडचा मंजूर लेआउट म्हणावा. मग रस्ते, गटारे, पाण्याच्या वाहिन्या. त्यानंतर एकेका घराचा परवाना, आणि पाया, सांगाडा, वीज, नळ अशा तपासण्या पार पडल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. रेखांकनाचा अर्ज तीस दिवसांत निकाली काढलाच पाहिजे असा कायदा टेक्सासने २०१९ साली केला. परवाना घेऊन १८० दिवसांत काम सुरू झाले नाही तर तो रद्द होतो, हा नियम बहुतेक शहरांत आहे. म्हणून परवाना निघाला की घर बहुधा होतेच, आणि सहा-आठ महिन्यांत उभे राहते.

पायाच्या तपासणीपाशी जरा थांबू. काउंटीचा बराचसा भाग ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ नावाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही माती लगेच ओळखू येईल : पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. अशा जमिनीवर घर खिळून बसत नाही, ते तरंगते. म्हणून इथे तळघर क्वचित. त्याऐवजी पोलादी तारा ओतकामानंतर ताणून घट्ट केलेला काँक्रीटचा स्लॅब घालतात. काँक्रीट ओतण्याआधी नगरपालिकेचा निरीक्षक त्या तारा, त्यांची उंची आणि खालचे प्लॅस्टिक पाहून जातो. घर ताब्यात मिळाल्यावर बिल्डर मालकाला सांगतो की उन्हाळ्यात पायाभोवती झिरपणारी नळी टाकून ठेवा. नवख्याला ही थट्टा वाटते. पण जुलै-ऑगस्टच्या कोरड्या उन्हात घराच्या कडेने काळी रबरी नळी पसरून पायाला पाणी पाजणारी माणसे तिथे गल्लोगल्ली दिसतात. स्लॅबला तडा गेला तर दुरुस्तीचा खर्च कसा असतो, हे त्यांनी शेजारी पाहिलेले असते.

शुल्काचीही एक गंमत आहे. टेक्सासने २०१९ साली कायदा करून, घराच्या बांधकाम खर्चावर परवाना शुल्क ठरवायला शहरांना मनाई केली. आता शुल्क बहुधा चौरस फुटांवर लागते. महाराष्ट्रात रेडी रेकनरच्या दरावर प्रीमियम भरणाऱ्याला हे स्वप्नवत वाटेल. याचा दुसरा परिणाम असा की परवान्यांच्या तक्त्यातला किमतीचा रकाना टेक्सासच्या बाबतीत फार विश्वासाने वाचू नये. घरांची संख्या मात्र पक्की असते.

शहराच्या हद्दीबाहेरचा मुलूख वेगळा. टेक्सासमध्ये काउंट्यांना सहसा झोनिंगचा, म्हणजे कोणत्या जागेवर काय बांधता येईल हे ठरवण्याचा, अधिकार नसतो. तिथे बिल्डर पाणी व सांडपाण्यासाठी स्वतंत्र उपयोगिता जिल्हा स्थापन करवून घेतात. तो रोखे काढून पाइपलाइन टाकतो आणि घरमालकांच्या मालमत्ता करातून कर्ज फेडतो. राज्याला आयकर नसल्याचे कौतुक ऐकून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षाचे मालमत्ता कराचे बिल आल्यावर घाम फुटतो, तो अशा ठिकाणी जास्तच.

लाट अडते तेव्हा

प्रिन्सटनने २०२४च्या सप्टेंबरमध्ये नव्या निवासी प्रकल्पांवर १२० दिवसांची बंदी घातली आणि नंतर ती वाढवली. कारण सरळ होते : घरे झाली, पण पाणी, सांडपाणी, रस्ते आणि पोलीस त्या वेगाने वाढले नाहीत. ३८० क्रमांकाच्या रस्त्यावरची सकाळची रांग हाच तिथल्या लोकांचा रोजचा विषय झाला होता. बंदीचा परिणाम परवान्यांच्या आकड्यात लगेच शोधणाऱ्याच्या हाती फार लागणार नाही. आधीच मंजूर झालेल्या प्रकल्पांना ती लागू नव्हती, आणि तिथल्या मंजूर प्लॉटांची संख्या काही हजारांत होती. परवाने निघत राहिले. बंदी रेखांकनाच्या टप्प्यावर बसते, आणि तिचा धक्का परवान्यांपर्यंत उतरायला वर्ष-दोन वर्षे जातात.

पाण्याचा प्रश्न एकट्या प्रिन्सटनचा नाही. या भागाला घाऊक पाणी पुरवणाऱ्या नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्टने शेजारच्या फॅनिन काउंटीत बो डार्क हे नवे धरण बांधले. टेक्सासमध्ये जवळजवळ तीस वर्षांत एवढे मोठे नवे जलाशय झाले नव्हते.

लाट पुढे गेल्यावर मागे काय उरते, तेही प्लेनोत दिसते. तिथल्या शाळामंडळाने २०२४ साली चार शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण घरे तीच राहिली, त्यांतली मुले मोठी होऊन निघून गेली आणि नव्या तरुण कुटुंबांना परवडणारी नवी घरे गावात झाली नाहीत. त्याच सुमारास पंधरा-वीस मैल उत्तरेला प्रॉस्पर आणि सेलिनाची शाळामंडळे नव्या शाळांसाठी रोखे काढत होती. पाच वर्षांनी बालवाडीत किती मुले येतील याचा अंदाज बांधणाऱ्यांना परवान्यांच्या तक्त्याइतका भरवशाचा कागद दुसरा मिळत नाही.

२०२५ साली राज्याने यात थेट हात घातला. दीड लाखांहून मोठ्या शहरांत, पूर्वी रेखांकन न झालेल्या पाच एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर किमान तीन हजार चौरस फुटांहून मोठ्या प्लॉटची सक्ती आता शहराला करता येत नाही. आपल्या मापात पावणेतीन गुंठे. कॉलिन काउंटीत हा नियम प्लेनो, फ्रिस्को आणि मॅकिनीला लागू होतो. सप्टेंबरपासून तो अमलात आला. फ्रिस्कोच्या उत्तर टोकाला आणि मॅकिनीच्या बाहेरच्या अंगाला अशी पाच एकरांची सलग रानं अजून आहेत. प्लेनोत ती हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.