आरएसव्हीची लस की आरएसव्हीचं इंजेक्शन?

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून "बाळाला आरएसव्हीची लस दिली" असं हल्ली सारखं ऐकू येतं (आरएसव्ही म्हणजे तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना गाठणारा एक व्हायरस), आणि दर वेळी मधेच तोंड घालायचा मोह होतो, कारण तान्ह्या बाळांसाठी आरएसव्हीची लस अजून आलेलीच नाही. बाळाच्या मांडीत टोचलं ते बहुतेक निर्सेव्हिमॅब असणार, म्हणजे तयार अँटीबॉडी.

लस म्हणजे घरी लावलेलं विरजण. शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी बनवायला दोनेक आठवडे लागतात, पण कशा बनवायच्या ते त्याला कळलेलं असतं. निर्सेव्हिमॅब म्हणजे बाहेरून आणलेलं वाटीभर दही, लगेच कामाला येतं पण वाटी संपली की संपली. साधारण पाच महिने पुरतं, म्हणजे थंडीचा सीझन निघतो. याच जातीचं जुनं पॅलिव्हिझुमॅब 1998 पासून होतं, पण ते दर महिन्याला टोचावं लागायचं आणि महाग, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या वगैरे जास्त धोक्यातल्या बाळांनाच मिळायचं.

मग बाळांनाच लस का नाही? त्याला 1960 च्या दशकातली एक जखम कारण आहे. फॉर्मलिननं मारलेल्या व्हायरसची लस अमेरिकेत बाळांना देऊन पाहिली, आणि नंतर इन्फेक्शन झालं तेव्हा लस घेतलेल्यांपैकी 80 टक्के बाळं ॲडमिट झाली, न घेतलेल्यांत हेच 5 टक्के होतं. दोन बाळं गेली. व्हायरसवरचं एफ प्रोटीन पेशीत शिरताना आकार बदलतं आणि त्या लसीनं शरीराला बहुतेक बदललेलाच आकार दाखवला, म्हणून तयार झालेल्या अँटीबॉडी चिकटायच्या पण व्हायरसला अडवायच्या नाहीत. मूळ आकार पक्का धरून ठेवायची युक्ती 2013 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम यांच्या टीमला सापडली आणि 2023 मध्ये अमेरिकेत लशी मंजूर झाल्या, पण साठीपुढच्यांसाठी आणि गरोदर बायकांसाठी.

खरा गोंधळ इथेच आहे. आईला टोचतात ती शंभर टक्के लस, पण तिच्या अँटीबॉडी वारेतून बाळात उतरतात, म्हणजे बाळाच्या वाट्याला शेवटी दहीच, फक्त आईनं घरी लावलेलं. म्हणून फायझरच्या ट्रायलमध्ये सुई टोचली सात हजारांवर गरोदर बायकांपैकी निम्म्यांना (बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं नुसतं इंजेक्शन) आणि आजार मोजला बाळांत: गंभीर आजारापासून पहिल्या 90 दिवसांत जवळपास 82 टक्के संरक्षण, सहा महिन्यांपर्यंत बघितलं तर 69. वाटी रिकामी होते ती अशी! जीएसके या दुसऱ्या औषध कंपनीनं अशीच ट्रायल 2022 मध्ये थांबवली, कारण लस घेतलेल्यांत वेळेआधीच्या डिलिव्हऱ्या जास्त दिसल्या. अमेरिकेत फायझरची लस 32 ते 36 आठवड्यांतच देतात, त्यामागेही हीच काळजी आहे.

आईला लस आणि बाळाला निर्सेव्हिमॅबचं इंजेक्शन, दोन्ही घ्यायची सहसा गरज नसते. पण आईनं लस घेऊन 14 दिवस व्हायच्या आत बाळ आलं तर बाळाला इंजेक्शन देतात, त्यामुळे तिथले डॉक्टर आधी आईलाच विचारतात, तुम्ही कधी घेतली?