हेंप सीड ऑइल आणि विजयाचं तेल: दोन्हीवर तेच पान, पण आत वेगळंच

घरात कोणाची कंबर नाहीतर गुडघे वर्षानुवर्षं दुखत असले की कोणीतरी सांगतंच, ते गांजाचं तेल घेऊन बघा, आणि मग ऑनलाइन शोधलं की दोन प्रकारच्या बाटल्या समोर येतात, दोन्हीवर तेच हिरवं पान, आणि आपल्याकडचे बरेच पेन्शनवाले त्यातली स्वस्त उचलतात.

ती स्वस्त असते हेंप सीड ऑइल, म्हणजे भांगेच्या झाडाच्या बिया दाबून काढलेलं खायचं तेल. ओमेगा-३, ओमेगा-६ चांगलं असतं, पण बियांत टीएचसी आणि सीबीडी, म्हणजे भांगेतले शरीरावर परिणाम करणारे दोन मुख्य घटक, नसल्यातच जमा. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2021 मध्ये ते अन्न म्हणून मान्य केलं तेव्हा टीएचसीची मर्यादाच किलोला 10 मिलिग्रॅम ठेवली. सॅलडवर घाला, पण त्याने कंबरदुखी थांबेल अशी आशा दाखवून कोणी विकत असेल तर मला खरंच चीड येते.

दुसरी बाटली विजयाची, म्हणजे आयुर्वेदात भांगेचं नाव, तिच्या पानांचा अर्क. हे आयुर्वेदिक औषध, ज्यात टीएचसी, सीबीडी खरंच असतं. औषध नियमांच्या ई-१ यादीत, म्हणजे विषारी धरलेल्या आयुर्वेदिक घटकांच्या यादीत, भांग आहे आणि तिथेच 'बिया सोडून' असं लिहिलंय, म्हणजे सरकारी कागदावरसुद्धा हा फरक आहे. म्हणून लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या अशी सूचना लागते. आणि गोव्यात हणजुणे-बागाकडे लपूनछपून मिळतो तो तिसराच प्रकार, फुलांचा गांजा, 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात सरळ गुन्हा, त्याला औषध म्हणूच नका.

आता विजयाने दुखणं जातं का? अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थेने 2017 मध्ये मोठ्यांच्या जुन्या दुखण्यावर फायद्याचा भक्कम पुरावा असल्याचं म्हटलं, तर वेदनेवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने, आयएएसपीने, 2021 मध्ये सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही. माझ्या मते नसांच्या दुखण्यात काहींना थोडा आराम पडतो, सगळ्यांना नाही, एवढंच धरून चालावं.

त्यात टीएचसीने गुंगी येते, चक्कर येते, वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठून पडू शकतो, आणि घेतल्यावर स्कूटर काढून म्हापशाच्या बाजाराला जायचं नाही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सीबीडीमुळे तिचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून चालू गोळ्यांची यादी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर तुमच्या नेहमीच्या, आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका.