सांगाडा-दुरुस्ती, मोटारगाडीची (चासी-काम)

अपघातात वाकलेला, पिळलेला किंवा आखडलेला मोटारगाडीचा भारवाही सांगाडा मोजून, ओढून आणि गरज पडेल तेथे भाग बदलून मूळ मापांवर आणण्याचे काम. बंपर, मडगार्ड, दरवाजे यांचे डेंटिंग-पेंटिंग यात मोडत नाही. सांगाड्याचे मुख्य प्रकार दोन. शिडी-चासीत दोन लांब तुळया व त्यांना जोडणारे आडवे मेंबर असतात आणि बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते (उदा., बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सुमो). एकसंध रचनेत पत्र्याची बॉडी हीच चासी असते. आजच्या बहुतेक मोटारी या प्रकारच्या आहेत.

एकसंध रचनेचा उगम वादाचा आहे. इटलीतील लान्चिया कंपनीची ‘लॅम्ब्डा’ (१९२२) ही भारवाही बॉडीची पहिली उत्पादित मोटार, असे सामान्यतः मानले जाते. विन्चेंत्सो लान्चिया यांचे या रचनेचे पेटंट त्याआधीचे, बहुधा १९१८-१९ च्या सुमाराचे आहे. मात्र लॅम्ब्डा मूलतः उघडी गाडी होती. तिच्या बाजू व तळ भार पेलत, छताचा त्यात वाटा नव्हता. म्हणून काही अभ्यासक हा मान सित्रोएँच्या ‘त्राक्सिओं आव्हाँ’ला (१९३४) देतात. अमेरिकेतील एडवर्ड बड यांच्या कंपनीने विकसित केलेले दाबीव पोलादी पत्रे व वेल्डिंगचे तंत्र तिच्यात वापरले होते. ओपेलच्या ‘ऑलिंपिया’चाही (१९३५) उल्लेख या संदर्भात होतो. दुरुस्तीच्या अंगाने पाहता सित्रोएँचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. तळ, खांब आणि छत एकमेकांना वेल्ड केलेली बंद पेटी तयार झाल्यावरच पुढे बसलेला मार मागच्या खांबापर्यंत पोहोचू लागला, आणि आजच्या कारागिरापुढचा प्रश्न नेमका तोच आहे. भारतात अँबॅसडर (१९५७ किंवा १९५८, नोंदींत फरक आढळतो) मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली होती. जाड पत्र्यामुळे ती शिडी-चासीची वाटत असली, तरी तिची बॉडी भारवाहीच होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पातळ पत्र्याची एकसंध बॉडी गावोगावच्या गॅरेजांत पोहोचली.

दुसरा निर्णायक बदल चुरगळपट्ट्याचा (क्रम्पल झोन). अभियंता बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५२ मध्ये मंजूर झाले व १९५९ च्या मर्सिडीझ-बेंझ मोटारीत ही कल्पना प्रत्यक्षात आली. गाडीची पुढची व मागची टोके ठरवून मऊ ठेवायची आणि प्रवाशांची पेटी कडक ठेवायची, हे तिचे सूत्र. त्यामुळे पुढच्या लॉन्ग मेंबरवर (बॉनेटखालच्या लांब तुळईवर) मुद्दाम खाचा दिलेल्या असतात. एकदा घडी पडलेला असा मेंबर ठोकून सरळ केला, तर तो दिसायला सरळ होतो. पुढच्या धडकेत ठरल्या जागी दुमडेल याची खात्री राहत नाही. त्यावर आतून जादा पट्टी मारणे त्याहून वाईट. मजबुतीच्या नावाखाली मऊ राखलेली जागा कडक होते आणि आघात थेट प्रवाशांकडे जातो. ही पट्टी मारू नये, असे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

चासी-कामाचा गाभा मोजमापात आहे. उत्पादक प्रत्येक मॉडेलच्या तळावरील छिद्रे, बोल्ट व सस्पेन्शनचे बिंदू यांची मापे देतो. लांबी, रुंदी व उंची यांतला फरक सामान्यतः ३ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. विकृतीचे पाच प्रकार मानतात : बाजूला वाकणे, खाली बसणे, आखडणे, चौकट तिरकी होणे आणि पीळ पडणे. बॉनेट उघडून दोन्ही स्ट्रट-टॉवरच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या बैठकीच्या) बोल्टपासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत ट्रॅम-गेजने (दोन बिंदूंतले अंतर मोजणाऱ्या सरकत्या पट्टीने) कर्ण मोजले आणि डावा-उजवा कर्ण जुळला नाही, तर पुढचा भाग एका बाजूला सरकला आहे. मात्र दोन्ही बाजू सारख्याच आखडल्या असतील तर कर्ण जुळतात, म्हणून उत्पादकाच्या आकड्यांशीही ताळा घ्यावा लागतो. दरवाज्याच्या वरच्या फटीतला फरक, मागच्या खांबाजवळ छताला पडलेली बारीक सुरकुती, अॅप्रनच्या (इंजिनाच्या बाजूच्या आतल्या पत्र्याच्या) जोडावर तडकलेले सीलिंग या खुणा टेप लावण्याआधीच सांगून जातात.

ओढण्यासाठी गाडी सिलच्या (दरवाज्याखालच्या तुळईच्या) खालच्या कडांवर चार ठिकाणी बेंचला (भक्कम पोलादी चौकटीला) आवळतात व हायड्रॉलिक टॉवरच्या साखळीने आघाताच्या उलट दिशेला ताण देतात. फ्रान्सच्या सेलेत आणि स्वीडनच्या कार-ओ-लायनर या कंपन्यांचे बेंच विशेष प्रसिद्ध आहेत. मार ज्या क्रमाने बसला त्याच्या उलट क्रमाने तो काढायचा, म्हणजे शेवटची विकृती आधी. पोलाद ताण सोडताच थोडे मागे येते. म्हणून मापाच्या किंचित पुढे ओढून, ताण तसाच ठेवून आसपासच्या जोडांवर हातोडा व डॉली (पत्र्यामागे धरायचा ठोकळा) चालवतात, ताण सोडतात आणि पुन्हा मोजतात. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभे राहू नये. बेंच नसलेल्या गॅरेजात चेन-पुल्ली व जॅकवर हे काम चालते. साध्या पोलादाच्या शिडी-चासीला ते काही अंशी पुरते, एकसंध बॉडीला पुरत नाही. एका जागी आवळून ओढल्यास भलताच भाग ताणला जातो.

नव्या गाड्यांत खांब व सिल यांसाठी बोरॉनयुक्त पोलाद वापरतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून साच्यातच थंड केल्यावर त्याची ताणशक्ती १५०० मेगापास्कलच्या आसपास जाते. गॅसच्या ज्योतीने ते तापवले की ही शक्ती जाते, आणि वरून काही कळत नाही. असा खांब ओढून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. जोड उत्पादकाने सांगितलेल्या ठिकाणी स्पॉट किंवा सीओटू वेल्डिंगने द्यावेत आणि पोकळीत गंजरोधक मेण फवारावे. शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासतात. कॅस्टर-कॅम्बर (चाकांच्या कलाचे कोन) बसत नसतील तर चासी अजून मापात आलेली नाही.

धडकेच्या प्रकारानुसार नुकसान कसे बदलते, याचे उदाहरण सोलापूर परिसरात दिसते. सोलापूरपाशी पुणे–हैदराबाद (राष्ट्रीय महामार्ग ६५), धुळे–तुळजापूर–विजयपूर (५२) आणि सांगली–मिरजेकडून येणारा (१६६) हे रस्ते मिळतात. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर येथील भाविकांच्या गाड्याही यांवरूनच धावतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर आदळलेल्या मोटारीचे नुकसान वेगळ्या जातीचे असते. ट्रॉलीची फळी लॉन्ग मेंबरच्या वर असल्याने बॉनेट फळीखाली घुसते, चुरगळपट्टा जवळजवळ वापरलाच जात नाही आणि मार काचेच्या खांबांवर बसतो. अशा गाडीचे पुढचे कर्ण जुळू शकतात. काचेच्या चौकटीचे कर्ण घेतल्याशिवाय दोष सापडत नाही. मालवाहू पिकअपची चासी अपघाताशिवाय, केवळ जादा भाराने, खाली बसू शकते.

विम्यात दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या (आयडीव्ही) ७५ टक्क्यांवर गेल्यास गाडी टोटल लॉस धरतात. झीरो-डेप (घसारा न कापण्याचे जादा विमा-कलम) नसल्यास धातूच्या भागांवर वयानुसार घसारा कापला जातो, दहा वर्षांवरील गाडीला ५० टक्के. बदलण्याऐवजी ओढून भागवण्याचा आग्रह बरेचदा येथूनच येतो. चासी क्रमांक ठोकलेला पत्रा कापावा लागणार असेल, तर आधी आरटीओची (सोलापूर : एमएच-१३) परवानगी घ्यावी.